चौसष्ट कानांचा कॅमेरा : प्रोपेलरचा आवाज शोधणाऱ्या मायक्रोफोन-संचाचे परीक्षण

एक मीटर व्यासाची नळ्यांची चौकट, तिच्यावर सर्पिल रेषांत बसवलेले ६४ मायक्रोफोन, मधोमध एक साधा कॅमेरा आणि संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर असा हा संच आहे. ‘आवाज दाखवणारा कॅमेरा’ म्हणून तो विकला जातो. आम्ही तो एका मर्यादित कामासाठी घेतला. लहान विमानांना आणि विजेवर उडणाऱ्या यानांना लागणारे प्रोपेलर चाचणी-मंचावर फिरवून, त्यांच्या आवाजातला कोणता हिस्सा पात्याच्या कोणत्या भागातून निघतो, हे आम्हाला पाहायचे होते. गेले चार महिने हा संच वापरात आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष या एका संचाचे नसून या जातीच्या उपकरणांचे आहेत, आणि ज्याला असे काही घ्यायचे आहे त्याला नावापेक्षा ते गुणदोष अधिक उपयोगी पडतील.

उपकरणामागचे तत्त्व जुने आहे. १९७६ साली बिलिंग्स्ली आणि किन्स यांनी जेट इंजिनाच्या आवाजासाठी मायक्रोफोनांची एक रांग वापरून ‘ध्वनी-दुर्बीण’ मांडली, आणि आजचे संच तिचेच वंशज आहेत. एखाद्या बिंदूतून निघालेला आवाज प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत थोड्या वेगळ्या वेळी पोहोचतो. मांडणीच्या मध्यासमोर दोन मीटरवर असलेल्या बिंदूपासून मधला मायक्रोफोन २ मीटरवर असतो, तर कडेचा सुमारे २.०६ मीटरवर, म्हणजे कडेच्या मायक्रोफोनला तोच आवाज ०.१८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. सॉफ्टवेअर समोरच्या प्रतलातला एकेक बिंदू घेते, ‘आवाज येथून आला असता तर’ असे गृहीत धरून प्रत्येक नोंद तेवढी मागे सरकवते आणि सगळ्यांची बेरीज करते. अंदाज बरोबर असेल तर ६४ नोंदी एकमेकींना बळ देतात, चुकला तर बहुतांशी एकमेकींना पुसून टाकतात. या बेरजांचा रंगीत नकाशा छायाचित्रावर चढवला की झाले काम. हे सारे समजायला सोपे आहे, आणि त्या सोपेपणातच पुढच्या अडचणींचे मूळ आहे, कारण या हिशेबात उगमबिंदू जागचा हलत नाही आणि दोन उगमांचा परस्परांशी काही संबंध नसतो, अशी दोन गृहीते गुपचूप शिरलेली आहेत. प्रोपेलर ही दोन्ही मोडतो.

यंत्रसामग्रीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती चांगली आहे. मायक्रोफोन सिलिकॉनच्या चिपवर घडवलेले, स्वस्त आणि एकसारखे आहेत. त्यांच्या जागा मिलिमीटरच्या आत पक्क्या आहेत, आणि ते आवश्यकच आहे, कारण १० किलोहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटीमीटर असते व एका मिलिमीटरच्या चुकीने कलेत, म्हणजे तरंगाच्या चढउताराच्या चक्रातल्या स्थानात, सुमारे साडेदहा अंशांची चूक होते. सर्पिल मांडणीचा हेतूही योग्य आहे. मायक्रोफोन समान अंतरावर, जाळीसारखे लावले असते तर तरंगलांबी त्या अंतराहून लहान होऊ लागताच नकाशात खऱ्या ठिपक्याइतकेच तेजस्वी खोटे ठिपके उगवले असते. असमान अंतरांमुळे ते विखुरतात आणि फिके पडतात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, या हिशेबाने मिनिटभराच्या नोंदीला अर्ध्या गिगाबाइटहून थोडी अधिक जागा लागते. साठवणीची सोय आधीच करून ठेवावी.

एक खरी उणीव मात्र आहे. या प्रकारचे मायक्रोफोन साधारण १२० डेसिबलच्या पुढे दबून जातात. दोन मीटरवरून आम्हाला त्रास झाला नाही, पण अधिक बारकावा मिळेल या आशेने मांडणी प्रोपेलर-चक्राच्या प्रतलात अर्ध्या मीटरवर नेली, तेव्हा काही वाहिन्यांवरच्या, म्हणजे काही मायक्रोफोनांच्या नोंदींतल्या, तरंगांची शिखरे सपाट छाटली गेली. छाटलेल्या तरंगातून मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार होतात. प्रोपेलरच्या आवाजात तसेही एकाच मूळ स्वराच्या पटीतले स्वर असल्यामुळे हे बनावट स्वर त्यांच्या नेमके अंगावर जाऊन बसतात आणि ओळखू येत नाहीत. सॉफ्टवेअरने याबद्दल कसलीही सूचना दिली नाही, नकाशा नेहमीसारखाच सुबक काढला. तेव्हापासून प्रत्येक नोंदीनंतर चार-सहा वाहिन्यांचे कच्चे तरंग डोळ्यांनी पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

आता मुख्य कामाकडे वळतो. आमचा प्रोपेलर चार पात्यांचा, ६० सेंटीमीटर व्यासाचा आणि मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरणारा होता. म्हणजे सेकंदाला १०० फेरे, टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १८८ मीटर, ध्वनीच्या वेगाच्या ०.५५ पट. सेकंदाला ४०० वेळा एक पाते एका जागेवरून जाते, म्हणून मूळ स्वर ४०० हर्ट्झचा, आणि त्यावर ८००, १२००, १६०० असे त्याचे गुणक. या स्वरांच्या मागे एक सलग सळसळ असते. ती पात्याला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरातला (सीमास्तरातला) प्रक्षोभ मागच्या कडेवरून ओसंडताना, आत येणाऱ्या हवेतले भोवरे पुढच्या कडेवर आदळताना आणि टोकाशी वळणाऱ्या भोवऱ्यातून निर्माण होते. स्वर आणि सळसळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याशिवाय या उपकरणाबद्दल काहीही न्याय्य बोलता येत नाही, म्हणून परीक्षणही त्याच क्रमाने करतो.

त्याआधी भिंगाची ताकद. दोन आवाज वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यातले किमान अंतर तरंगलांबीच्या प्रमाणात वाढते आणि मांडणीच्या व्यासाच्या प्रमाणात घटते. दुर्बिणीला लागणारा १.२२ चा गुणक येथेही लागतो. एक मीटरची मांडणी दोन मीटरवर ठेवली तर ८००० हर्ट्झला हे अंतर साडेदहा सेंटीमीटरच्या आसपास येते, ४००० ला २१, ८०० ला एक मीटरहून थोडे जास्त, आणि ४०० ला दोन मीटरांहून अधिक. याचा अर्थ असा की ज्या ४०० हर्ट्झच्या स्वराची लोक सर्वांत जास्त तक्रार करतात, त्या स्वराला आमचा अख्खा प्रोपेलर या उपकरणाच्या दृष्टीने एका डागात मावतो, आणि तो डाग प्रोपेलरच्या तिप्पट मोठा असतो. जाहिरातीत दाखवलेली चित्रे नेहमी पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरची असतात, ती का, ते यावरून कळते. आम्ही दोन छोटे कर्णे ३० सेंटीमीटर अंतरावर ठेवून खात्री केली. ४००० हर्ट्झला दोन ठिपके स्वच्छ सुटे दिसले, २००० ला त्यांचा भुईमुगाच्या शेंगेसारखा एक आकार झाला आणि १००० ला एकच गोल डाग उरला. तत्त्व सांगते तसेच उपकरण वागले, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

स्थिर आणि सळसळत्या उगमांच्या बाबतीत तर हा संच उत्तम आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने आमची एक जुनी शंका मिटवली. साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास एक शिट्टी येत असे आणि ती पात्याच्या टोकाची आहे असे आम्ही सर्वांनी धरून ठेवले होते. नकाशाने ती मोटारीला धरणाऱ्या पोकळ दांड्यावरच्या एका रिकाम्या बोल्ट-छिद्रावर दाखवली. छिद्रावर चिकटपट्टी लावली आणि शिट्टी गेली. एरवी या शोधासाठी आठवडाभर पाती बदलत बसलो असतो.

मांडणी प्रोपेलरच्या समोर, हवा आत ओढली जाते त्या बाजूला, अक्षावर ठेवली तर चक्राचे पूर्ण वर्तुळ दिसते आणि मागच्या झोताची हवा मायक्रोफोनांवर आदळत नाही. मागे ठेवणे व्यर्थच आहे, कारण झोतातली हवा मायक्रोफोनच्या पडद्यावर जो दाब देते तो आवाज नसतो, तरी नोंदला जातो. स्पंजाची टोपणे थोडा आधार देतात. गणितातला आधार त्याहून मोठा आहे. प्रत्येक मायक्रोफोनच्या नोंदीची इतर प्रत्येकाशी तुलना करून ६४ गुणिले ६४ चे एक कोष्टक बनते, आणि वाऱ्याचा धक्का एका मायक्रोफोनपुरता असल्याने तो या कोष्टकाच्या कर्णावरच्या ६४ घरांतच साठतो. कर्ण काढून टाकला की नकाशा लक्षणीय स्वच्छ होतो. ही सोय संचात आहे आणि तिने चांगले काम केले.

मात्र समोर ठेवण्यात एक मेख आहे, जी आम्हाला उशिरा कळली. जागच्या जागी फिरणारा प्रोपेलर चहूकडून हवा ओढतो. त्या हवेत मांडणीच्या नळ्यांमागे सुटलेले भोवरे असतात आणि ते आत ओढले जाताना लांब, बारीक दोऱ्यांसारखे ताणले जातात. असा एक लांब भोवरा एकामागून एक येणारी पाती पुन:पुन्हा चिरतात आणि वरचे गुणक वाढतात. म्हणजे जो आवाज शोधायला आपण मांडणी ठेवली, त्यातला काही भाग मांडणीनेच घडवलेला असतो. आम्ही बाजूला एक स्वतंत्र मायक्रोफोन उभा केला, मांडणी असताना आणि नसताना अशा दोन्ही नोंदी घेतल्या, आणि मांडणी हलवल्यावर वरचे गुणक स्पष्ट खाली आलेले दिसले. बंद खोलीत प्रोपेलरचा झोत भिंतींवरून फिरून काही सेकंदांत परत आत येतो, त्यानेही हाच परिणाम होतो, म्हणून सुरुवातीच्या काही सेकंदांची नोंद वेगळी ठेवून पाहावी. माहितीपुस्तिकेत ‘मांडणी वस्तूच्या समोर ठेवा’ एवढे एकच वाक्य आहे.

यानंतर फिरण्याचा प्रश्न. नेहमीच्या पद्धतीने काढलेला सळसळीचा नकाशा चक्रावर एक कडे दाखवतो. बरेचदा ते कडे एका बाजूला जाड असते, मांडणी थोडी बाजूला असेल तर तिच्याकडे येणाऱ्या पात्याच्या बाजूला. त्यात नवल नाही, कारण आपल्याकडे येणारा उगम जास्त मोठा ऐकू येतो. पण त्या कड्यावरून पुढची कड कोणती आणि मागची कोणती, चारातले कोणते पाते जास्त ओरडते, हे काहीच कळत नाही. त्यासाठी हिशेब पात्यासोबत फिरवावा लागतो. सिट्स्मा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशी पद्धत मांडली. तिच्यात गृहीत बिंदू प्रत्येक क्षणी पात्यासोबत पुढे सरकतो, आणि त्याच्यापासून मायक्रोफोनपर्यंतचा बदलता विलंब क्षणाक्षणाला नव्याने काढला जातो. पुढे संपूर्ण मांडणीच पात्यासोबत फिरते आहे असे मानून नोंदी बदलून घेणाऱ्या पद्धतीही आल्या. या संचाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिरता उगम’ नावाचा स्वतंत्र भाग आहे आणि त्याची किंमत वेगळी आकारली जाते. प्रोपेलरसाठी घेणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे, नाहीतर उरलेला संच ही एक महागडी शोभा आहे.

तो भाग काम करतो, पण त्याला दोन गोष्टी अचूक हव्या असतात. पहिली म्हणजे पाते या क्षणी कोठे आहे. आवाज दोन मीटर अंतर कापायला ५.८ मिलिसेकंद घेतो आणि तेवढ्यात आमचे पाते सुमारे २१० अंश फिरून गेलेले असते. म्हणून छायाचित्रातल्या पात्यावर चढवलेला रंग पाहून काही ठरवणे म्हणजे सुटून गेलेल्या गाडीच्या धुरावरून गाडी फलाटावर शोधणे होय. दर फेऱ्याला एक टिकटिक देणारा प्रकाशीय टेकोमीटर लावला की प्रश्न सुटतो. टेकोमीटर नसेल तर फेऱ्यांचा आकडा हाताने भरायची मुभा सॉफ्टवेअर देते, ती मुभा घेऊ नये. दहा सेकंदांत हजार फेरे होतात. आकड्यात हजारात एक एवढीच चूक असली, तरी नोंद संपेपर्यंत हिशेबातले पाते खऱ्या पात्याच्या एक पूर्ण फेरा पुढे किंवा मागे गेलेले असते आणि नकाशाचे पुन्हा कडेच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तापमान, आणि तिच्यावर थोडे अधिक लिहितो, कारण आमचे तीन आठवडे तिने खाल्ले. सॉफ्टवेअर तापमान २० अंश सेल्सिअस धरून सुरू होते, म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. आमच्या खोलीत दुपारी ३५ अंश असत आणि त्या तापमानाला वेग ३५२ च्या जवळ जातो. स्थिर उगमासाठी या फरकाने नकाशा किंचित धूसर होतो इतकेच, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण पात्यासोबत फिरणाऱ्या हिशेबात दोन मीटरांच्या प्रवासाला ०.१५ मिलिसेकंदांची चूक होते, तेवढ्या वेळात पाते पाच अंशांहून थोडे जास्त फिरते, आणि ३० सेंटीमीटर त्रिज्येवर एवढा कोन म्हणजे सुमारे पावणेतीन सेंटीमीटर. आमच्या पात्याची टोकाजवळची रुंदीच तेवढी आहे. परिणाम असा झाला की मागच्या कडेवरून निघणारी सळसळ नकाशात पुढे सरकून पुढच्या कडेवर बसली, आणि आम्ही आत येणाऱ्या हवेतल्या भोवऱ्यांना दोष देत, हवा स्वच्छ करण्यासाठी जाळ्या बसवत राहिलो. सकाळच्या थंड वेळेत घेतलेल्या नोंदीत ठिपका परत मागे गेलेला दिसला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तापमान विचारल्याशिवाय फिरता हिशेब सुरूच होऊ नये, एवढी साधी तजवीज निर्मात्याने करायला हवी होती.

या दोन्ही गोष्टी सांभाळल्यावर मिळालेले सळसळीचे नकाशे मात्र खरोखर देखणे आणि विश्वासार्ह होते. खात्रीसाठी एका दांड्याच्या टोकाला बॅटरीवरचा छोटा बझर बांधून तो हळू वेगाने फिरवला. कड्याचा ठिपका झाला आणि ठिपका जेथे हवा तेथेच पडला. मग प्रत्यक्ष प्रोपेलरवर पाच ते दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सळसळ पात्याच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात, मागच्या कडेवर एकवटलेली दिसली. पवनचक्क्यांच्या पात्यांवरही २००७ मध्ये ऊर्लेमान्स आणि सहकाऱ्यांनी हेच पाहिले होते, की आवाज अगदी टोकाचा नसून टोकाच्या अलीकडच्या, बाहेरच्या पट्ट्यातल्या मागच्या कडेचा असतो. आमच्या चार पात्यांपैकी एकाची मागची कड किंचित जाड राहिली होती. ते पाते नकाशात वेगळे उठून दिसले. या कामासाठी मी या संचाची शिफारस बिनदिक्कत करीन.

स्वरांचे तसे नाही, आणि येथे माझी मुख्य तक्रार आहे. मांडणी आम्ही बाजूला, चक्राच्या प्रतलात ठेवली आणि ८०० हर्ट्झचा नकाशा काढला. डाग मोठा होता, ते अपेक्षितच होते. पण त्याचा मध्य अक्षावर नव्हता, पात्याच्या टोकावरही नव्हता. तो मांडणीकडे येणाऱ्या पात्याच्या बाजूला, अक्षापासून सुमारे ५५ सेंटीमीटरवर, टोकाच्याही २५ सेंटीमीटर बाहेर, निव्वळ मोकळ्या हवेत होता. मदतकेंद्राला चित्र पाठवले, तर ‘भिंतीवरून परावर्तन असावे, खोलीत स्पंज लावा’ असे उत्तर आले. स्पंज आधीच होता.

हा दोष खोलीचा नाही आणि मायक्रोफोनांचाही नाही. प्रोपेलरचा स्वर हा चार पात्यांच्या चार स्वतंत्र उगमांचा गलका नसतो. पाती एकमेकांशी कायमच्या ठराविक अंतराने बांधलेली असल्यामुळे त्यांचे आवाज एका सुरात, एका ठरलेल्या कलेत असतात, आणि त्यांचा मिळून दाबाचा एक आकृतिबंध बनतो, जो अक्षाभोवती अखंड फिरतो. बागेतल्या फिरत्या तुषाराचे पाणी जसे नळीच्या तोंडातून सरळ निघूनही वरून पाहिले तर वक्र फाटे दाखवते, तसे या आकृतिबंधाचे तरंगाग्र सर्पिल आकाराचे असते. अशा सर्पिल तरंगाग्राला काटकोनात मागे रेषा काढली तर ती अक्षातून जात नाही. ती अक्षाभोवतीच्या एका वर्तुळाला स्पर्श करून जाते, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे ज्या अंतरावर आकृतिबंधाचा फिरण्याचा वेग बरोबर ध्वनीच्या वेगाएवढा होतो ते अंतर. तिला माक त्रिज्या म्हणतात. मायक्रोफोनांची मांडणी बिचारी एवढेच करू शकते, की आलेला तरंग कोणत्या दिशेने तिरका आला ते पाहून त्या दिशेला बोट दाखवायचे. टोकाचा वेग ध्वनीच्या ०.५५ पट असेल तर ती त्रिज्या टोकाच्या त्रिज्येच्या सुमारे १.८ पट येते, म्हणजे आमच्या प्रोपेलरसाठी बरोबर ५५ सेंटीमीटर. नकाशा अचूक होता. त्याचा अर्थ मात्र ‘आवाज येथे निर्माण होतो’ असा नव्हता.

हे कोणाला नवीन वाटण्याचे कारण नाही. नासाच्या ग्लेन केंद्रात एकामागे एक, उलट दिशांनी फिरणाऱ्या उघड्या प्रोपेलर-जोडीवर मांडणीने मोजमापे झाली, आणि हॉर्वाथ, एन्व्हिया व पॉडबॉय यांनी २०१४ मध्ये त्यांवर लिहिताना हीच मर्यादा दाखवून दिली. त्या जोडीत पुढे १२ आणि मागे १० पाती होती. दोन्हींच्या परस्परक्रियेतून उठणाऱ्या पहिल्या स्वराच्या आकृतिबंधात १२ आणि १० यांच्या वजाबाकीएवढीच, म्हणजे दोनच शिखरे असतात, पण त्याची वारंवारिता दोन्हींच्या बेरजेवरून ठरते. त्यामुळे तो आकृतिबंध फार वेगाने फिरतो आणि माक त्रिज्या आतच, अक्षाजवळ येते. टोकाचा वेग ध्वनीच्या ०.६ पट आणि दोन्ही चक्रे समान वेगाची धरली तर ती टोकाच्या त्रिज्येच्या जेमतेम १५ टक्के भरते. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे की हब, म्हणजे पाती ज्यावर बसवतात तो मधला भाग, ओरडतो आहे, आणि हबवर कितीही कारागिरी केली तरी आवाज तसाच राहावा, कारण तो पात्यांवर निर्माण होत आहे. एकट्या प्रोपेलरच्या मागे दांडा किंवा पंख असेल तेव्हाही असेच होते. पात्यावरचा भार फेऱ्यागणिक बदलतो, वेगवेगळ्या शिखरसंख्यांचे आकृतिबंध तयार होतात, आणि एकाच वारंवारितेचे डाग हबपासून टोकाबाहेरपर्यंत कोठेही पडू शकतात.

पात्यासोबत फिरणारा हिशेब येथे सोडवणूक करील अशी आशा होती, ती फोल ठरली. तो उगमाच्या हालचालीचा हिशेब बरोबर करतो, पण पाती एकमेकांशी संबंधित आहेत या गोष्टीवर त्याच्याकडे उपाय नाही. संचासोबत येणाऱ्या ‘तीक्ष्ण’ नकाशांनी तर गोंधळ वाढवला. १९७४ मध्ये रेडिओ-खगोलशास्त्रासाठी होगबोम यांनी काढलेली सफाईची युक्ती ध्वनीत आणून सिट्स्मा यांनी २००७ मध्ये तिचे सुधारलेले रूप दिले. त्यात सर्वांत तेजस्वी ठिपका घ्यायचा आणि नकाशातले त्याच्याशी सुसंबद्ध असलेले, म्हणजे त्याच्याच तालात चढउतार होणारे, सारे त्याची छाया समजून पुसायचे. परस्परांशी संबंध नसलेल्या उगमांसाठी ही युक्ती अप्रतिम आहे, आमचे सळसळीचे नकाशे तिनेच स्वच्छ झाले. स्वरांच्या बाबतीत मात्र चारही पाती एकमेकांशी सुसंबद्ध असतात, त्यामुळे ती सगळे पुसून मोकळ्या हवेतला एकच टाचणीएवढा ठिपका उरवते. आधीचा पसरट डाग निदान ‘मला नीट माहीत नाही’ असे तरी सांगत होता. नासाच्या लँगली केंद्रातल्या ब्रुक्स आणि हम्फ्रीज यांची नकाशाचा धूसरपणा उलट गणिताने काढणारी पद्धतही येथे आहे, तीही मुळात असंबद्ध उगमच गृहीत धरते.

सॉफ्टवेअरबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रंगांची पट्टी आपोआप ठरते. नकाशातली सर्वांत मोठी किंमत लाल, तिच्या खाली ठराविक डेसिबलपर्यंत बाकीचे रंग. याचा परिणाम असा की काहीही मोजले तरी कोठेतरी लाल दिसतेच. मंच बंद ठेवून रिकाम्या खोलीची नोंद दिली, तेव्हाही एका कोपऱ्यात झकास लाल फूल उमलले. दोन प्रोपेलरांची तुलना करताना ही सोय बंद करून दोन्हींना एकच पट्टी लावावी लागते, आणि ती कळ तिसऱ्या उपयादीत दडलेली आहे. शिवाय नकाशात मुख्य डागापेक्षा साधारण दहा-बारा डेसिबल खालच्या गोष्टी मांडणीच्या स्वतःच्या खोट्या ठिपक्यांत हरवतात. त्या पातळीखालचे रंग दाखवूच नयेत, पण सॉफ्टवेअर सुरुवातीलाच २० डेसिबलची पट्टी देते. पाहणाऱ्याला चित्र भरगच्च वाटते, आणि विकणाऱ्यालाही बहुधा तेच हवे असावे.

जमेच्या बाजूला हेही नोंदवायला हवे की ६४ही वाहिन्यांच्या कच्च्या नोंदी आणि मायक्रोफोनांचे निर्देशांक साध्या स्वरूपात बाहेर काढता येतात. याच एका गोष्टीमुळे संच परत न करता ठेवून घेतला. हाती धरून फिरवायचे काही लहान संच ही मुभा देत नाहीत, केवळ चित्र देतात. प्रोपेलरच्या कामासाठी असा संच कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

ज्यांच्याकडे कारखान्यातली गळती, यंत्रांची खडखड, वाहनातला वारा असे स्थिर उगम आहेत, त्यांना हा संच पेटीतून काढल्या दिवसापासून उपयोगी पडेल. प्रोपेलरवाल्यांनी तो घेताना फिरत्या उगमाचा भाग, टेकोमीटरची स्वतंत्र वाहिनी आणि खोलीतला तापमापक या तीन गोष्टी धरूनच खर्चाचा अंदाज करावा, आणि मूळ स्वराचा उगम शोधण्याची अपेक्षा ठेवू नये. त्या स्वरासाठी चक्राभोवती कड्याने मांडलेले मायक्रोफोन घेऊन आकृतिबंधातली शिखरे मोजणे अधिक उपयोगी ठरते. आम्ही आता तेच करतो, आणि त्यासाठी याच संचातले १६ मायक्रोफोन चौकटीतून सोडवून घेतले आहेत. फिरत्या हिशेबाची आज्ञावली कच्च्या नोंदींवर आम्हीच लिहून घेतली, तापमान विचारल्याशिवाय ती सुरू होत नाही, आणि स्वरांच्या प्रत्येक नकाशावर माक त्रिज्येचे वर्तुळ ती आपोआप काढते. निर्मात्याच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना या वर्षी आम्ही वाढवून घेतलेला नाही.